आपल्या कोपऱ्यावरचा रस्ता ओलांडण्याजोगा कसा करून घ्यायचा

माझ्या काउंटरच्या डाव्या ड्रॉवरमध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांची कापलेली स्ट्रिप अजून पडून आहे. पाच गोळ्या. समोरच्या सोसायटीतल्या बाईंनी सांगितलं होतं, "दूध घेऊन येते गं, तोवर काढून ठेव." त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. श्रावणातली संध्याकाळ, पावणेसातची वेळ, रस्ता ओला. डेअरीतून परत येताना त्या आमच्या गल्लीचं तोंड ओलांडत होत्या आणि मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या टेम्पोनं त्यांना उडवलं. १०८ ची गाडी आली, आम्ही हात देऊन त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. रुग्णालयात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या.

पुढचे आठ दिवस दुकानात येणारं प्रत्येक माणूस त्यावरच बोलत होतं. टेम्पोवाला जोरात होता. बाईंनी थांबायला हवं होतं. लोकांना शिस्तच राहिली नाही. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला माझं मेडिकल आहे आणि तेवीस वर्षं मी त्याच काउंटरमागून तोच कोपरा बघते आहे. दर वेळी चालक वेगळा, वाहन वेगळं, पडणारा वेगळा. पण गुडघे फुटून माझ्याकडे कापूस आणि बँडेज मागायला येणारी माणसं त्याच वीस पावलांतून येतात. मग दोष त्या वीस पावलांत आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं. आम्ही सात-आठ जणांनी ती जागा बदलून घ्यायचं ठरवलं. पावणेदोन वर्षं लागली. दुसऱ्या गल्लीला उपयोगी पडेल ते सगळं इथे लिहिते आहे.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती आणि जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. म्हणजे दर दहांतल्या सहाहून जास्त माणसांच्या अंगाभोवती पत्रा नव्हता. हा आकडा एवढा मोठा आहे की तो ऐकून हात गळतात. म्हणून तो बाजूला ठेवा आणि आपल्या कोपऱ्यापासून सुरुवात करा.

एकच जागा धरा

"आमच्या भागातली वाहतूक सुधारा" असा अर्ज कुठल्याच टेबलावर थांबत नाही, कारण तो कुठल्याच टेबलाचा नसतो. एक कोपरा, एक ओलांडण्याची जागा, एक बसथांबा असं काहीतरी धरा. दहा जागांची यादी केलीत तर दहाही राहतील. आमच्यात सुरुवातीला यावरूनच वाद झाले. कुणाला बसथांब्याचं दुखणं, कुणाला दुभाजकातलं पंक्चर (ओलांडायला ठेवलेली फट), कुणाला रात्रीचा अंधार. शेवटी जिथे माणूस गेलं तिथून सुरुवात करायची असं ठरलं.

मग सुताराची टेप घेऊन मोजायला लागा. रविवारी सकाळी साडेसहाला, रहदारी नसताना. आमची गल्ली आतमध्ये सहा मीटर रुंद आहे. पण मोठ्या रस्त्याला मिळते त्या तोंडाशी ती सतरा मीटर पसरलेली होती, कारण दोन्ही कोपरे ऐसपैस गोलाई देऊन केले होते. इतक्या वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. त्या गोलाईमुळे वळणाऱ्याला ब्रेक मारायची गरजच पडत नव्हती, आणि चालणाऱ्याला सहाऐवजी सतरा मीटर उघड्यावर काढावे लागत होते. सिग्नल लावताना चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबानं चौदा सेकंद झाले. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांचा हात धरून मी तिथून चालले आणि घड्याळ लावलं, तर बावीस सेकंद लागले. बाईंचं वयही साधारण तेच होतं.

हे सगळं एका कागदावर काढा. नकाशा सुबक नसला तरी चालतो. डेअरी कुठे, विजेचा खांब कुठे, झाड कुठे, फूटपाथ कुठे तुटलाय, गाड्या कुठे लावतात आणि त्यामुळे काय दिसत नाही, एवढं त्यात हवं. मापं मीटरमध्ये लिहा, फुटांत नको. अभियंत्याचं सगळं काम मीटरमध्ये चालतं.

एक वही घाला

पोलिसांकडे नोंद होते ती मोठ्या अपघाताची. घसरून पडला, उठला, गाडी उचलली आणि गेला, याची नोंद कुठेच नसते. पण पुढचा मोठा अपघात कुठे होणार हे त्या छोट्यांवरूनच कळतं. मी दोनशे पानी वही घातली आणि फक्त पाच रकाने आखले: तारीख, वेळ, नेमकी जागा, कोण (पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा) आणि काय झालं. नावं लिहायची नाहीत, गाडीचे नंबर लिहायचे नाहीत. डेअरीवाल्या काकांनी आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानंही वह्या घातल्या. महिन्याच्या शेवटी तिन्ही वह्या शेजारी ठेवून एकच घटना दोनदा आली असेल तर एकदाच धरायची.

चार महिन्यांत दोन गोष्टी उघड दिसल्या. जवळजवळ सगळे प्रकार संध्याकाळी सहा ते आठ या वेळातले होते. आणि बहुतेकांत वाहन डावीकडे वळून आत येणारं होतं, बाहेर पडणारं नव्हतं. आम्हाला उलटं वाटत होतं. वही नसती तर आम्ही चुकीच्या बाजूला उपाय मागितला असता.

चालणारी माणसंही मोजा. आम्ही औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर उभ्या रेघा मारत पंधरा-पंधरा मिनिटं मोजलं. सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी एकदा, संध्याकाळी दिवेलागणीला. म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं यांच्यासाठी वेगळी खूण ठेवली. "खूप लोक ओलांडतात" आणि "संध्याकाळच्या एका तासात ४१० जण ओलांडतात, त्यांत ६३ मुलं" या दोन वाक्यांना मिळणारी वागणूक अगदी वेगळी असते, हे मी पाहिलं आहे.

वेग मोजायला यंत्र लागत नाही

सरळ रस्त्यावर पंचवीस मीटर अंतर मोजा आणि दोन्ही टोकांना फूटपाथच्या कडेवर चुन्याची रेघ ओढा. वाहनाला या दोन रेघांमधलं अंतर कापायला तीन सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, दोन सेकंद लागले तर ४५, दीड सेकंद लागला तर ६०. वळणावर एवढं अंतर मिळत नाही, तिथे दहा मीटर घ्या. पण दहा मीटरला एखादाच सेकंद लागतो आणि बोटानं घड्याळ दाबण्यात तेवढी चूक होते. म्हणून आम्ही दुकानाच्या वरच्या गॅलरीतून मोबाइलवर व्हिडिओ घेतला. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजायचं. माझ्या भाच्यानं शंभर वळणाऱ्या वाहनांची चित्रं दोन रात्री बसून मोजली.

शंभर वाहनं हळू ते जोरात अशा क्रमानं लावा आणि पंच्याऐंशीव्या वाहनाचा वेग बघा. सरासरी काढू नका. वाहतुकीचे अभियंते हाच पंच्याऐंशीवा आकडा बघतात, आणि तोच त्यांच्यापुढे ठेवला की बोलणं लगेच कामाचं होतं. आमच्याकडे तो ३९ चित्रं निघाला, म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर. ऐकायला हा वेग फार वाटत नाही. पण चालकाला माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच, आणि २८ च्या वेगात तेवढ्यात वाहन पावणेआठ मीटर पुढे येतं. ब्रेक लागतो तो त्यानंतर. १५ च्या वेगात तेच अंतर चार मीटर होतं. आमच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाड्यांमुळे चालणारं माणूस चालकाला सहा मीटरवर आल्यावर दिसत होतं. बाईंच्या वाट्याला काय आलं ते या दोन आकड्यांत आहे.

बेशिस्त आहे, मी ती नाकारत नाही. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. पण पोलीस तिथे दिवसातून तासभर उभा राहील, रस्त्याची गोलाई चोवीस तास असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. वेग थोडासा उतरला तरी फरक पडतो, तो यामुळेच.

कागद मागवा

माहिती अधिकाराचा अर्ज घाबरण्यासारखा नाही. महाराष्ट्रात तो जोडपत्र "अ" मध्ये करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि साधारण दीडशे शब्दांत आटपायचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, कलम ६(३). आम्हाला एका ठिकाणी "हा रस्ता आमच्याकडे येत नाही" असं तोंडी सांगून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तोच अर्ज आवक खिडकीत देऊन शिक्का घेतला आणि तो बरोबर पुढे गेला. म्हणून तोंडी काही विचारूच नका.

पोलिसांकडे मागा: या रस्त्याच्या अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत गेल्या तीन वर्षांतल्या अपघातांची तारीख, वेळ, वाहनाचा प्रकार, बळी पडलेली व्यक्ती पायी होती की वाहनावर, जखमी की मृत. नावं मागू नका. नावं मागितली की सगळा अर्जच खासगी माहिती म्हणून अडतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर गुन्ह्यांचे प्रथम खबरी अहवालही पाहता येतात, तिथे आपल्या ठाण्याचे अपघात शोधून ठेवा. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे वेगळा अर्ज करा: या रस्त्याचं शेवटचं डांबरीकरण कधी झालं, कामाचा आदेश, मंजूर आराखडा, सुरक्षा तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल. आमच्या आराखड्यात कोपऱ्याची गोलाई प्रत्यक्षापेक्षा लहान होती, आणि हा कागद पुढे सगळ्यात जास्त कामाला आला.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. तुम्हाला कुणीतरी म्हणेल की तुमची जागा "ब्लॅक स्पॉट" नाही. ही व्याख्या राष्ट्रीय महामार्गासाठी केलेली आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. आपल्या गल्लीचं तोंड त्यात कधीच बसणार नाही आणि बसण्याची वाट बघणं म्हणजे अजून नऊ माणसांची वाट बघणं. हे मी बैठकीत असंच म्हटलं. त्यानंतर तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

स्पीडब्रेकर मागू नका

सगळ्यांच्या तोंडात पहिला शब्द स्पीडब्रेकरचा येतो. आमच्याही आला. पहिल्या अर्जात आम्ही तोच मागितला आणि महिन्याभरात एका रात्री तो झालासुद्धा. सकाळी टेप लावली: रुंदी ६० सेंटिमीटर, उंची १४. पांढरे पट्टे नाहीत, आधी सूचनाफलक नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं माप ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंचीचं आहे, सावकाश चढून सावकाश उतरणारं, ताशी २५ च्या वेगानं ओलांडता येईल असं. आमच्याकडे झाला तो डांबराचा वरवंटा होता. दुचाकीवाले त्याला चुकवायला गटाराच्या कडेनं जायला लागले, म्हणजे नेमके चालणाऱ्यांच्या अंगावर. तेराव्या दिवशी डबे पोचवणारा एक मुलगा त्यावरून उडाला आणि त्याचं मनगट मोडलं. त्याच्या हाताला फळी बांधताना मला स्वतःच्या सहीची लाज वाटली. अर्जावर पहिली सही माझी होती. तो काढून टाकायला पुन्हा दोन महिने गेले.

मागायचं ते हे. पहिलं, कोपरे आत घ्या: गोलाई लहान करून फूटपाथ पुढे आणा, म्हणजे वाहनाला वेग कमी करूनच वळावं लागेल आणि ओलांडायचं अंतर घटेल. आमचं सतरावरून साडेसात मीटर झालं. दुसरं, गल्लीच्या तोंडावर उंच क्रॉसिंग, ज्याला अभियंते टेबल-टॉप म्हणतात. फूटपाथच्या उंचीला रस्ताच वर उचलायचा, दोन्ही बाजूंना उतार द्यायचा आणि वर झेब्रा पट्टे. चालणारं माणूस खाली उतरतच नाही, वाहन वर चढतं. काठी टेकत जाणाऱ्याला, बाबागाडीला, व्हीलचेअरला हे वरदान आहे. तिसरं, कोपऱ्यापासून काही मीटर गाडी लावायला बंदी, आणि नुसत्या पाटीवर नव्हे तर खांब रोवून. खांबांमधून व्हीलचेअर जाईल एवढी फट आधीच लिहून घ्या, नाहीतर गाड्या अडतात आणि अपंग माणसंही अडतात. चौथं, दिवा. दिवा क्रॉसिंगच्या डोक्यावर नको, थोडा अलीकडे हवा, म्हणजे येणाऱ्या चालकाला माणसाची समोरची बाजू उजेडात दिसते.

फूटपाथसाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर उंचीची कड, हे मापही पाठ करून ठेवा. फूटपाथ गुडघाभर उंच बांधला की लोक तो सोडून रस्त्यानंच चालतात. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलेलं आहे. नवीन काही मागताना "आपल्याच धोरणाप्रमाणे" हे दोन शब्द आवर्जून घाला. कुणाला रुंद फूटपाथ म्हणजे काय ते दाखवायचं असेल तर जंगली महाराज रस्त्यावर घेऊन जा.

अर्ज असा लिहा

एक पान. त्याहून जास्त नको. आमचा दुसरा अर्ज जवळजवळ शब्दशः असा होता:

"विषय: अमुक रस्ता व तमुक गल्ली यांच्या कोपऱ्यावर पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी रचनेत बदल करण्याबाबत.

महोदय, वरील ठिकाणी दि. … रोजी एका ज्येष्ठ नागरिक महिलेचा रस्ता ओलांडताना मृत्यू झाला. आम्ही केलेल्या मोजणीनुसार गल्लीच्या तोंडाची रुंदी १७ मीटर असून मंजूर आराखड्यापेक्षा ती अधिक आहे. वळणाऱ्या वाहनांचा वेग ताशी २८ कि.मी. आहे व सायंकाळी एका तासात ४१० पादचारी येथून ओलांडतात. तरी कोपऱ्याची गोलाई आराखड्याप्रमाणे कमी करून उंच क्रॉसिंग करावे, ही विनंती. स्थळपाहणीसाठी आम्ही कोणत्याही दिवशी उपस्थित राहू. सोबत: नकाशा, मोजणीचा तक्ता, ४ छायाचित्रे, ११२ रहिवाशांच्या सह्या."

प्रत वाहतूक शाखेला, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला, आणि प्रत्येक ठिकाणी पोचपावती. आवक क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पत्राची सुरुवात त्या क्रमांकानं करा.

कायद्याचा आधार शेवटच्या ओळीत, शांतपणे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८-अ हे कलम आलं आहे: रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगे फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं स्पष्ट केलं आहे. या दोन ओळी पुरतात. सुरुवातच धमकीनं केली तर समोरचा माणूस फाइल स्वतःला वाचवण्यासाठी लिहितो, आणि काम मागे पडतं.

त्या खात्यातही चांगली माणसं असतात, हे मनापासून सांगते. आमच्याकडे आलेला कनिष्ठ अभियंता तिशीचा असेल. त्यानं नकाशा बघितला, स्वतःची टेप काढली, पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "काकू, माप बरोबर आहे." त्यापुढे त्याच्या फाइलला लागणारा प्रत्येक कागद आम्ही वेळेवर दिला. पैशांचा प्रश्न निघाला तेव्हा नागरिकांनी सुचवलेल्या कामांच्या तरतुदीचा मार्गही त्यानंच सांगितला. पुण्यात अर्थसंकल्पासाठी लोकांकडून अशी छोटी कामं मागवली जातात. त्याची मुदत गेली की वर्षभर थांबावं लागतं, म्हणून क्षेत्रीय कार्यालयात आधी चौकशी करा.

आधी शंकूंनी करून बघा

डांबर आणि काँक्रीट ओतण्याआधी चाचणी मागा. मुंबईत मालाडच्या मिठचौकीवर आणि बांद्र्याच्या एचपी जंक्शनवर अशीच आधी रंग आणि शंकू लावून रचना तपासली होती. वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन, ते स्वतः हजर असतानाच हे करायचं. रस्त्यावर परस्पर दगड ठेवणं, पट्टे मारणं, स्वतःच ब्रेकर घालणं, यातलं काहीही करू नका. रात्री कुणी त्यावर आदळलं तर ते मरण आपल्या माथी येईल.

सगळ्यात जास्त विरोध शाळेच्या बसच्या चालकाचा होता. कोपरा आत घेतला तर माझी बस वळणारच नाही, असं त्याचं म्हणणं. आम्ही त्यालाच बोलावलं. रविवारी सकाळी चुन्यानं नवा कोपरा आखला, त्यावर शंकू ठेवले आणि त्याला बस आत घ्यायला सांगितली. पहिल्या वेळी मागच्या चाकानं दोन शंकू पाडले. तो खाली उतरला, चाकाच्या खुणेजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "ही रेघ इथून एक वीत मागे घ्या, मग जाते." घेतली. गेली. कचऱ्याची गाडी गेली. अग्निशमन केंद्राचं मत आम्ही लेखी मागून घेतलं, कारण नंतर कुणीतरी तोच मुद्दा काढणार हे ठाऊक होतं. बसवाल्या दादांची ती वीतभर रेघ पुढे पक्क्या बांधकामातही तशीच आली.

दुकानदारांची भीती खरी असते. मलाही वाटलं होतं की समोर गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या मेडिकलला जाईल. आठवडाभर मी गिऱ्हाइकांना विचारून लिहून ठेवलं: दहांतले सात पायी आले होते. हा कागद मी स्वतः इतर दुकानांत घेऊन फिरले. वडापावची गाडी कोपऱ्यावरच होती आणि तिच्याआड लहान मुलं दिसत नसत. तिला उठवा असं काही जण म्हणाले. त्याचं पोट त्यावर आहे. आम्ही त्याच्याशी बोललो आणि गाडी पाच-सहा मीटर आत, झाडाखाली गेली. त्याचा धंदा कमी झाला नाही आणि आज चाचणीच्या शंकूंची राखण करणारा पहिला माणूस तोच होता हे सगळ्यांना आठवतं.

अपघात झालाच तर

१०८ किंवा ११२ ला फोन करा आणि जखमीला उगाच उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि दाब सोडू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ. नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. माझ्या दुकानासमोर लोक घोळका करून उभे राहतात आणि पुढे यायला कचरतात, ते या भीतीनं. ती आता ठेवू नका.

जखमीला हलवल्यावर, रस्ता धुतला जाण्याआधी, फोटो काढा: ब्रेकच्या खुणा, खड्डा, बंद दिवा, पुसलेले पट्टे. घरच्यांना त्या दिवसांत काही सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी तारीख लक्षात ठेवावी. नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा असतो. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे. खड्डा किंवा उघडं मॅनहोल कारण असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश वकिलांना दाखवा. त्यात मृतांच्या वारसांना ६ लाख रुपये देण्याचं म्हटलं आहे.

झाल्यावरही मोजा

उंच क्रॉसिंग झाल्यावर तीन आठवड्यांनी भाच्यानं पुन्हा शंभर वाहनांची चित्रं मोजली. पंच्याऐंशीवं वाहन ७२ चित्रांवर आलं, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. आम्ही तो तक्ता आभाराच्या पत्रासोबत त्या अभियंत्याला आणि त्याच्या वरिष्ठांना पाठवला. आभाराचं पत्र जरूर पाठवा, दुसऱ्या वॉर्डात तेच काम करायला त्यांना तो कागद लागतो.

पट्टे पहिल्या पावसाळ्यातच फिके पडतात. खांब टेम्पोच्या धडकेनं वाकतात आणि एक वाकला की तिथून गाडी आत शिरते. केबलसाठी खोदाई झाली की उतार तसाच उखडून ठेवतात. म्हणून मे आणि नोव्हेंबर असे दोन महिने ठरवून आम्ही फेरी मारतो, फोटो काढतो आणि जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन एका ओळीचं पत्र देतो. वहीही चालू आहे. गेल्या अकरा महिन्यांत गल्लीच्या तोंडाशी पडलेल्यांच्या दोनच नोंदी झाल्या, दोन्ही दुचाकी घसरण्याच्या.

आता वहीत बसथांब्यासमोरच्या नोंदी जास्त दिसतात. तिथे दुभाजकातल्या पंक्चरमधून लोक पळत ओलांडतात आणि मध्ये थांबायला जागा नाही. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिथे पंचवीस मीटरवर चुन्याच्या रेघा ओढणार आहोत. टेप माझ्याकडे आहे.